स्तनातल्या इम्प्लांटभोवती पाणी साचले तर

इम्प्लांट (स्तनात बसवतात ती सिलिकॉनची किंवा सलाइनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, पिशवी) आणि कर्करोग या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखिकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : कर्करोगामुळे डावा स्तन काढला, त्याला दहा वर्षे झाली. पुढच्या वर्षी तिथे इम्प्लांट बसवले. यंदा चतुर्थीच्या सुमारास तो भाग अचानक फुगला आणि जड वाटू लागला. ताप नाही, लाली नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मग सुईने पाणी काढले आणि 'साधेच दिसते' म्हणून फेकून दिले. पंधरा दिवसांत ते पुन्हा भरले. जुना आजार परतला असेल का? (म्हापसा)

उत्तर : ताई, स्तनाचा कर्करोग परततो तेव्हा बहुधा गाठ किंवा त्वचेवर पुळीसारखा उंचवटा दिसतो. नुसते पाणी भरून येणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. तुमच्या बाबतीत आधी तपासायचा आजार वेगळा आहे. त्याचे नाव लांबलचक आहे : इम्प्लांटशी निगडित अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा, थोडक्यात बीआयए-एएलसीएल. तो स्तनाच्या ग्रंथींचा नाही, टी-पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, कर्करोग आहे. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक तंतुमय आवरण तयार करते. या आवरणाच्या आतल्या बाजूला आणि तिथल्या पाण्यात हा आजार सुरू होतो. इम्प्लांट बसवल्यावर सरासरी आठ-दहा वर्षांनी एका बाजूला पाणी साचणे ही त्याची सर्वांत नेहमीची खूण आहे. काहींना गाठ लागते, काहींना काखेत गाठ येते.

उशिरा साचलेल्या पाण्यात बहुतेक वेळा कर्करोग निघत नाही. मार, जंतुसंसर्ग, इम्प्लांट फुटणे अशी कारणे निघतात. पण तपासल्याशिवाय हे कळत नाही, आणि तुमचे पहिले पाणी वाया गेले याचे आम्हांला फार वाईट वाटते. पहिल्या खेपेच्या पाण्यात पेशी भरपूर असतात. वारंवार उपसले की त्या विरळ होतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो. म्हणून आता पाणी पुन्हा काढायचे ते पूर्ण तयारीनेच.

आधी सोनोग्राफी करा. आवरणाच्या आत पाच-दहा मिलिलिटर पाणी असणे फारसे वावगे नाही, तुमच्याकडे ते नक्कीच जास्त असणार. चित्र स्पष्ट नसेल तर एमआरआय. मॅमोग्राफीचा इथे उपयोग नाही. पाणी सोनोग्राफीत सुई पाहतच काढावे, आंधळेपणाने टोचल्यास इम्प्लांट फुटते. जमेल तेवढे सगळे, शक्यतो ५० मिलिलिटर किंवा जास्त घ्यावे. त्यातला एक भाग फॉर्मलिन न घालता ताजाच फ्लो सायटोमेट्रीला (यंत्राने पेशी ओळखण्याच्या तपासणीला) जावा, दुसऱ्यातून सायटोलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी) आणि सेल ब्लॉक (पेशींची मेणातली वडी) व्हावा आणि त्यावर सीडी ३० व एएलके या, पेशींतली ठरावीक प्रथिने शोधणाऱ्या, चाचण्या व्हाव्यात. थोडे पाणी जंतूंच्या कल्चरसाठी राखावे. आपल्याकडे क्षयाच्या जंतूंचीही तपासणी करून घ्यावी. चिठ्ठीवर 'इम्प्लांटभोवतीचे पाणी, बीआयए-एएलसीएल नाही ना पाहा' असे डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्या. हे एक वाक्य नसेल तर लॅब नेहमीच्या तपासणीवर थांबते आणि सीडी ३० होतच नाही. निदान होईपर्यंत स्टिरॉइड घेऊ नका. लिम्फोमाच्या पेशी त्याने तात्पुरत्या कमी होतात आणि अहवाल फसवा येतो.

अहवाल वाचतानाही सावध राहावे लागते. चार-दोन पेशी सीडी ३० पॉझिटिव्ह दिसल्या म्हणजे कर्करोग झाला असे नाही, दाह असला तरी तसे दिसते. मोठ्या, वेडीवाकडी केंद्रके असलेल्या पेशी, त्या सगळ्यांवर ठसठशीत सीडी ३०, आणि एएलके निगेटिव्ह असे एकत्र दिसले तर निदान पक्के होते. शंका उरली तर पेशी पसरलेल्या काचा आणि ब्लॉक घेऊन रक्तविकारांच्या पॅथॉलॉजिस्टचे दुसरे मत घ्या. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचे असेल तर नुसता छापील कागद नेऊ नका, ब्लॉकही मागून न्या.

प्रश्न : दुबईत नोकरीला असताना २०१२ मध्ये दोन्ही इम्प्लांट करून घेतले. त्रास काहीच नाही, पण कंपन्यांनी माल परत घेतल्याचे ऐकले. काढून टाकू का? इम्प्लांटच्या माहितीचे कार्ड हरवले आहे. (फोंडा)

उत्तर : लक्षणे नसतील तर नुसत्या भीतीपोटी काढू नका. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल पृष्ठभागाचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. तोवर जगभर ५७३ रुग्णांची नोंद झाली होती, त्यांतले ३३ दगावले होते, आणि ४८१ जणींचे इम्प्लांट याच कंपनीचे होते. तरीही ज्यांना त्रास नाही त्यांनी ते काढावेत, असे एफडीएने तेव्हाही सांगितले नाही. शस्त्रक्रियेचे धोके अशा वेळी जास्त ठरतात.

तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे तो पृष्ठभाग. आजवरच्या जवळजवळ सर्व नोंदींत कधी ना कधी खरखरीत इम्प्लांट बसवलेले होते, आणि तो पृष्ठभाग बाहेरून हात लावून ओळखता येत नाही. दुबईच्या रुग्णालयाला ईमेल करून ऑपरेशन नोटची प्रत मागवा. त्यावर चिकटवलेल्या लेबलवर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर सापडतो. स्तन काढल्यावर काहींना आधी एक्स्पान्डर (त्वचा ताणून जागा करणारी तात्पुरती पिशवी) बसवतात, तोही खरखरीत असू शकतो. त्यामुळे नंतर गुळगुळीत इम्प्लांट बसवले तरी जुनी नोंद जपून ठेवावी लागते. दर महिन्याला आरशासमोर उभ्या राहून दोन्ही बाजू ताडून पाहा. सिलिकॉनचे असतील तर ते फुटले नाहीत ना, हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे. तुमची पहिली तपासणी कधीच व्हायला हवी होती, ती आता उरकून घ्या.

प्रश्न : पत्नीचा अहवाल बीआयए-एएलसीएलचा आला आहे. एक डॉक्टर म्हणतात लगेच केमो, दुसरे म्हणतात फक्त ऑपरेशन. (मडगाव)

उत्तर : आधी पीईटी-सीटी हा सर्व शरीराचा स्कॅन करा, आजार कुठवर आहे हे त्यावरून कळेल. आवरणापुरता असेल तर ऑपरेशन हाच उपचार, केमोची गरज नसते. मात्र ते ऑपरेशन पुरे व्हायला हवे : इम्प्लांट, सगळे आवरण आणि गाठ असल्यास तीही, शक्यतो एकसंध. चूक होते ती मागच्या बाजूला. आवरण फासळ्यांना चिकटलेले असते, ते सोडवताना फुप्फुसाच्या पडद्याला इजा होण्याची भीती असते, म्हणून तेवढा तुकडा मागे ठेवला जातो. आजार परततो तो बरेचदा अशा अपुऱ्या ऑपरेशननंतर. मागच्या बाजूचे आवरणही पूर्ण काढणार ना, हे सर्जनना थेट विचारा.

काढलेल्या आवरणाला टाक्यांनी दिशा दाखवून द्यावी आणि पॅथॉलॉजिस्टने सहाही बाजूंचे प्रत्येकी दोन नमुने तपासावेत. दुसऱ्या बाजूचे इम्प्लांटही काढण्याचा विचार करावा, कारण काही जणींत दोन्हीकडे आजार निघाला आहे. काखेतली गाठ संशयास्पद असेल तरच ती काढतात.

काखेतल्या गाठींत किंवा त्यापुढे पसरला असेल तर औषधे लागतात : सीडी ३० वरच नेम धरणारे ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन, किंवा चॉप या नावाची जुनी केमो. ब्रेन्टुक्सिमॅब महाग आहे, त्यामुळे विमा किंवा गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत काय बसते ते आधीच विचारून ठेवा. पुढची दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि साधारण सहा महिन्यांनी स्कॅन. नवे इम्प्लांट त्याच वेळी बसवण्याची घाई करू नये, काढलेल्या आवरणाच्या कडा आजारमुक्त असल्याचा अहवाल हाती येईपर्यंत थांबावे, असे आमचे मत आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८७ रुग्णांच्या अभ्यासात तीन वर्षांनी ९३ टक्के आणि पाच वर्षांनी ८९ टक्के रुग्ण हयात होते. वेळेत निदान झाले तर हा बरा होणारा आजार आहे.

प्रश्न : माझे इम्प्लांट गुळगुळीत आहे. म्हणजे मी निर्धास्त ना? (डिचोली)

उत्तर : लिम्फोमापुरत्या बऱ्याच अंशी. पण सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने आवरणात होणाऱ्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या, चपट्या पेशींच्या, वेगळ्या कर्करोगाबद्दल सावध केले. तो गुळगुळीत आणि खरखरीत, सिलिकॉन आणि सलाइन, सगळ्यांभोवती आढळला आहे. मार्च २०२३ पर्यंत वैद्यकीय लेखांतून १९ रुग्ण समोर आले होते, म्हणजे अत्यंत दुर्मीळ, पण लिम्फोमापेक्षा आक्रमक. सूज, दुखणे, गाठ किंवा त्वचेत बदल ही लक्षणे. इथे सीडी ३० निगेटिव्ह येते आणि तपास तिथेच थांबण्याचा धोका असतो. म्हणून पाण्यात स्क्वॅमस पेशी किंवा केराटिन (त्या पेशींतले प्रथिन) दिसते का, हेही चिठ्ठीत लिहावे, आणि आवरण जाड किंवा गाठाळ असेल तर त्याची बायोप्सी मागावी.