माशाचा काटा आणि आतड्याचे छिद्र

प्रश्न : माझ्या काकांच्या पोटाची तातडीने शस्त्रक्रिया झाली, तेव्हा माशाच्या काट्याने लहान आतड्याला छिद्र पडल्याचे कळले. काटा गिळल्याचे त्यांना आठवतही नाही. असे होऊ शकते का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : होऊ शकते, पण क्वचित. गिळलेल्या बहुतेक वस्तू आपोआप शौचावाटे निघून जातात. छिद्र पडण्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी मानले जाते. गिळल्याचे न आठवणे तर नेहमीचेच, विशेषतः कवळी वापरणाऱ्यांच्या बाबतीत, कारण टाळू झाकलेली असल्याने त्यांना काटा जाणवत नाही. तो बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात रुततो, त्यामुळे दुखणे उजवीकडे होऊन अपेंडिक्सचा संशय येतो. साध्या एक्स-रेत काटा सहसा दिसत नाही आणि बारीक छिद्र भोवतालच्या चरबीने झाकले जात असल्याने पोटात मोकळी हवाही क्वचितच आढळते. म्हणून सीटी स्कॅन महत्त्वाचा. निदान वेळेत झाल्यास काटा काढून छिद्र शिवणे किंवा आतड्याचा छोटा भाग कापून जोडणे पुरते आणि रुग्ण सहसा पूर्ण बरा होतो. परंतु पोटभर पू पसरून जंतुसंसर्ग रक्तात गेला, तर, विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, जिवावर बेतू शकते. काकांना ताप, उलट्या किंवा वाढती पोटदुखी जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता त्यांना शल्यचिकित्सकांकडे न्यावे.