मॅडम, हा दिवसभर राक्षसच काढत बसतो

परवा एका ताईंनी विचारलं की मुलगा सारखा राक्षस, सांगाडे, मारामारी असलंच बघतो आणि वहीतही तेच काढतो, उद्या हिंसक तर नाही ना होणार? हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, शब्द तेवढे वेगळे असतात. त्यावर एक केस सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आई मुलाला घेऊन आली तेव्हा तिच्या पिशवीत एक फाटलेली वही होती. तिनेच रागात फाडलेली आणि मग रात्री स्वतःच सेलोटेप लावून चिकटवत बसलेली. मुलगा आठवीत, 13 वर्षांचा. पानापानावर हिरवा पेटलेला सांगाडा. "मॅडम तुम्हीच सांगा हे नॉर्मल आहे का, चार महिने झाले, कोणाशी बोलत नाही, खाली खेळायला जात नाही, नुसतं हे." मुलगा खाली मान घालून बुटाची लेस ओढत होता. कोण रे हा, असं विचारलं तर फॉस्फरस हे नाव सांगायला त्याला बराच वेळ लागला, तो अडखळतो बोलताना, आणि तो 'फ'वर अडकला तसं आईने पटकन शब्द पुरा करून टाकला. ते मी मनात टिपून ठेवलं.

हा फॉस्फरस ज्या सिरीजमधला, तिचं नाव क्रीचर कमांडोज. डिसेंबर 2024 मध्ये आली, 7 एपिसोड, जेम्स गनने लिहिलेली. अमांडा वॉलर नावाची सरकारी बाई आहे, तिला मिशनवर माणूस कैदी पाठवायला बंदी येते, मग ती म्हणते ठीक आहे, जे माणसात मोजले जात नाहीत ते पाठवते, आणि तुरुंगातल्या राक्षसांची टीम बनवते. मामेभावाच्या अकाउंटवर या पोराने दोन दिवसांत संपवली. घरच्यांनी लांबून बघितलं, कार्टून दिसलं, बसले निवांत. आपल्याकडे हा घोळ कायम होतो, ॲनिमेशन म्हणजे पोरांचं असं धरून चालतो आपण. ही सिरीज मोठ्यांसाठीच आहे, रक्त, शिव्या, सेक्स सगळं आहे, 13 वर्षांच्या मुलाने बघायची नाही हे मी आईलाही सांगितलं आणि त्यालाही तोंडावर सांगितलं. 2021च्या नियमांनंतर ओटीटीवर वयानुसार यू/ए 13+, यू/ए 16+, ए (फक्त मोठ्यांसाठी) असं लिहिलेलं असतं, पॅरेंटल लॉकही असतो, पण अकाउंट मामेभावाचं असलं की लॉक कोण लावणार.

मग मी स्वतः दोन रात्रीत सगळे एपिसोड बघितले. (नवरा म्हणाला, हे कामाचंच आहे ना नक्की?)

आणि चुकले. म्हणजे मी आपली थिअरी बांधून मोकळी झाले. हा डॉक्टर फॉस्फरस मुळात शास्त्रज्ञ, एक गुंड त्याच्या बायकामुलांना मारतो, त्यालाही मारायला जातो पण तो किरणोत्सर्गी होऊन आतून जळत राहतो. म्हटलं पोराच्या पोटात राग आहे, घरात काहीतरी घडलेलं असणार, वडिलांवर असेल. पुढच्या वेळी हळूच विचारलं, तुला हाच का आवडतो? तर म्हणे, "आवडत नाही, सोप्पा आहे. केस काढावे लागत नाहीत."

मग केस कोणाला आहेत?

त्याने वही उलटी केली. शेवटच्या पानावर पेन्सिलने काढून खोडलेलं, परत काढलेलं, परत खोडलेलं, कागद पार झिजलेला. वीझल. दिसायला मुंगसासारखा केसाळ, टीममधला सगळ्यात ध्यान, त्याला बोलताच येत नाही. त्याची गोष्ट चौथ्या एपिसोडमध्ये येते, तो शाळेतल्या मुलांशी खेळत असतो, आग लागते, हा त्यांना वाचवायला धडपडतो आणि लोक समजतात यानेच मारलं. सांगणार कसं, तोंडातून शब्दच येत नाही.

त्यानंतर जे कळलं त्याला तीन सेशन गेले, बरंचसं त्याने लिहूनच दिलं. शाळेच्या जिन्यात एक मुलगा घसरला, याने त्याचा शर्ट धरला, तरी तो पडला आणि त्याचं मनगट मोडलं. मागून बघणाऱ्यांना वाटलं याने ढकललं. टीचरनी सगळ्यांसमोर विचारलं, बोल, का ढकललंस, आणि याचा पहिलाच शब्द अडकला तो अडकलाच. वर्ग हसला. घरी चिठ्ठी आली, आईनेही आधी ओरडून घेतलं. चार महिन्यांचं गणित तिथे जुळत होतं.

आई तो कागद वाचून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी याला एकदाही विचारलं नाही हो."

आता ज्या ताईंनी विचारलं त्यांच्यासाठी. नुसते राक्षस काढतो म्हणून घाबरू नका, या वयात स्वतःचं शरीर, आवाज सगळंच विचित्र वाटत असतं, टीममध्ये न बसणारे लोक पोरांना आपले वाटतात यात काही वावगं नाही. पण झोप उडालीय, मित्र तोडलेत, मुक्या जनावरांना त्रास देतोय, मरण्याबद्दल बोलतोय, असं काही दिसलं तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. आणि वही फाडायच्या आधी एकदा विचारा, हा कोण, याचं काय झालं. उत्तर येईपर्यंत गप्प बसा, हे फार अवघड जातं आपल्याला.

या केसमध्ये पुढे स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, आईवडिलांना सांगितलं की त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही, किती का वेळ लागेना. क्लास टीचरशी मी बोलले, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण वर्गासमोर जे झालं ते वर्गासमोर दुरुस्त करायला त्या तयार झाल्या नाहीत, ते मला आजही खटकतं. मनगट मोडलेला मुलगा मात्र दोन महिन्यांनी आपणहून याच्या बाकावर येऊन बसला.

शेवटच्या सेशनला माझ्यावरच चिडला होता. नीना मेली ते मला पटलेलंच नाही म्हणे. नीना म्हणजे त्यातली पाण्यात श्वास घेणारी मुलगी, सगळ्यात गरीब स्वभावाची, आणि शेवटच्या भागात तिलाच मारतात. चांगलं दहा मिनिटं भांडला, मध्ये चार-पाचदा अडकला, थांबला, परत सुरू. आई शेजारी हाताची घडी घालून गप्प. जाताना दारात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मीपण बघितली काल. तो त्यांच्या टीममधला रोबोट येतो ना हो परत?"