कुटुंबासह ट्रेल शर्यतीला जाताना आयोजकांकडून लेखी घ्यावयाची एक गोष्ट

आपण लिहिले आहे की पन्हाळ्याहून मसाई पठाराकडे जाणाऱ्या ट्रेल शर्यतीत, म्हणजे डोंगरवाटांवरून धावण्याच्या शर्यतीत, आपण २१ किलोमीटर धावणार आहात, सोबत पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि आई येणार आहेत आणि घरच्यांनी कुठे थांबायचे असे विचारल्यावर आयोजकांकडून ‘सगळी व्यवस्था आहे, काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले. हेच उत्तर मलाही मिळाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. सराव, बूट आणि आहार यांविषयी काही लिहीत नाही; २१ किलोमीटरला नाव नोंदवले आहे, म्हणजे तेवढे आपल्याला ठाऊक असणारच.

याच भागातील एका शर्यतीत (नाव मुद्दाम देत नाही) पठारावर माझा घोटा मुरगळला. तेथील कातळ जांभ्याचा आहे, त्यावर मातीचा थर पातळ असल्यामुळे पावसाचे पाणी खळग्यांत साचून राहते आणि पावसाळा सरल्यावरही काही काळ कडेला शेवाळ टिकून असते; उतरणीला लागलेल्या माणसाला ते दिसेपर्यंत पाय त्यावर पडलेला असतो. पुढच्या चौकीवरील स्वयंसेवकांनी मला तत्परतेने बसवले, बिब (छातीवर लावलेला स्पर्धक क्रमांक) काढून घेतला, वहीत नोंद केली आणि जीपमधून वैद्यकीय तंबूत पोहोचवले. त्या मुलांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती आयोजकांच्या कार्यालयाबद्दल. मी बर्फ लावून तंबूत बसलेलो असताना माझी पत्नी आणि आई काही किलोमीटर अंतरावर शेवटच्या कमानीपाशी उभ्या होत्या आणि माझ्या फोनला रेंज नव्हती. पत्नीने तेथील आयोजकांच्या टेबलावर विचारले, तेव्हा तेथील गृहस्थांनी छापील यादीवरून बोट फिरवून ‘अजून आलेले नाहीत, कटऑफपर्यंत थांबा’ असे सांगितले; कटऑफ म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची शेवटची वेळ. वॉकीटॉकी त्यांच्या कोपरापाशीच होता. कार्यालयाला फोन केला, तर धावपटूंची माहिती बाहेर देता येत नाही असे उत्तर आले. ज्या अर्जात आपत्कालीन संपर्क म्हणून पत्नीचाच क्रमांक भरून घेतला होता, तो अर्ज त्याच कार्यालयात पडून होता आणि तो उघडून पाहावा असे कोणालाही वाटले नाही. आईला रक्तदाबाचा त्रास आहे आणि धुक्यातून एकेक धावपटू येताना पाहत ती कटऑफ उलटून जाईपर्यंत तशीच उभी होती. नंतर मी ईमेल केला, त्यावर आमची जबाबदारी नोंदणीकृत स्पर्धकांपुरतीच आहे असे दोन ओळींचे उत्तर आले. कुटुंबासह या म्हणून जाहिरात करायची आणि कुटुंबाला मोजायचेच नाही, हा प्रकार मला आजही पटलेला नाही.

म्हणून माझ्या मते आपण आयोजकांना एकच प्रश्न विचारावा: धावपटू मध्येच थांबला, तर त्याच्या घरी कोण फोन करणार, कोणत्या क्रमांकावरून आणि किती वेळात? उत्तर ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावे, कारण फोनवरील आश्वासनाची जबाबदारी पुढे कोणीही घेत नाही. सगळे आयोजक असे नसतात हे मान्य आहे. काही जण स्वतःहून नियंत्रण कक्षाचा क्रमांक देतात.

दुसरे असे की आपत्कालीन संपर्क म्हणून पठारावर येणाऱ्या माणसाचा क्रमांक देऊ नये. कोल्हापुरात घरी थांबलेल्या भावाचा किंवा मेहुण्याचा क्रमांक द्यावा, तोच बिबच्या मागे पक्क्या शाईने लिहावा आणि चुकामूक झाली तर दोन्ही बाजूंनी त्यालाच फोन करायचा असे आधी ठरवून ठेवावे. पठारावर रेंज येते-जाते, पण शहरातला माणूस हमखास सापडतो. गाडीची किल्ली आपल्या बॅगेत न ठेवता पत्नीकडे द्यावी, हे सांगायला क्षुल्लक वाटेल, पण तशी अडकून पडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आईंना पठारावर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे वारा अंगावर येतो, आडोसा नाही, आणि एरवी गाडी वरपर्यंत जात असली तरी शर्यतीच्या दिवशी ती कुठे अडवतील ते सांगता येत नाही. गडावर खोली घ्यावी. बसायला तबक उद्यान आहे, झुणका-भाकर आहे, स्वच्छतागृह जवळ आहे. पन्हाळा कोल्हापूर शहरापासून जेमतेम २० किलोमीटरवर असल्यामुळे ‘जाऊन येऊ’ या भावनेने लोक काहीच ठरवत नाहीत आणि मग वयस्कर माणसांचे हाल होतात. मुलीसाठी छोटी धाव असेल, तर तिची सुरुवात आपल्या सुरुवातीच्या वेळेलाच नाही ना, हे पाहून मगच पैसे भरावेत. त्या धावेसाठी पालक सोबत लागतो, आणि पत्नी मुलीसोबत धावली तर आईंजवळ कोणीही उरत नाही.

मी आयोजक नाही आणि डॉक्टरही नाही, त्यामुळे आईंच्या प्रवासाबद्दल त्यांच्या डॉक्टरांचे मत माझ्या मतापेक्षा महत्त्वाचे मानावे. बिबवाटपाच्या दिवसापर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर टेबलावर जाऊन प्रत्यक्ष विचारावे. तेथेही ‘सगळी व्यवस्था आहे’ हेच ऐकायला मिळाले, तर आपण शर्यतीला जरूर जावे, पण घरच्यांना त्या दिवशी कोल्हापुरातच रंकाळा तलावावर फिरायला पाठवावे.