कळलावी मेली की निजली?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीवरील कुंडीत कळलावी उत्तम फुलली, परंतु दसऱ्यानंतर तिची पाने पिवळी पडू लागली आणि रोज पाणी घालूनही दिवाळीपर्यंत संपूर्ण वेल वाळून गेली. कुंडी रिकामी करावी काय? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : कृपया कुंडी रिकामी करू नका आणि पाणी मात्र आजच थांबवा. कळलावी ही बहुवर्षायू वेल असली तरी तिचे जमिनीवरील आयुष्य पावसाळ्यापुरतेच असते. पानांनी चार महिने तयार केलेले अन्न मातीखालच्या कंदात साठते, जुना कंद झिजून त्याच्या जागी नवा तयार होतो आणि मग वरचा भाग वाळतो. या झोपेच्या काळात ओल राहिली तर कंद कुजतो. आपल्या वेलीला धोका असेल तर तो दुष्काळाचा नव्हे, आपल्या मायेचाच आहे.

येऊरच्या किंवा बोरिवलीच्या जंगलात जुलै-ऑगस्टमध्ये गेलात, तर ही वेल झुडपांवर कशी चढते ते अवश्य पाहा. तिला वेगळे तणावे नसतात. पानाचेच टोक लांबून कुरळे होते आणि मिळेल त्या काटकीला विळखा घालते. खाली झुकलेल्या फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या मात्र उलट वर वळतात, आधी हिरवट पिवळ्या असतात आणि पुढे लालभडक होतात. परागकोश बाहेर पसरलेले आणि कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) काटकोनात आडवा वळलेला असल्यामुळे, मधासाठी येणाऱ्या फुलपाखराच्या पंखांना पराग सहज लागतात. मला तरी याहून देखणी रचना आपल्या रानात क्वचितच दिसली आहे.

मे महिन्याच्या अखेरीस कंद नव्या, निचरा होणाऱ्या मातीत हलवायचा असेल, तर हातमोजे घालून अलगद काढा. इंग्रजी ‘व्ही’सारख्या या कंदाला कोंब फक्त टोकाशी फुटतो, टोक मोडले की तो भाग वाया गेला.

ही वेल दारी लावली की घरात भांडणे लागतात, हा समज आपण सोडून द्यावा. खरी भीती विषाची आहे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते आणि त्याने माणसे दगावली आहेत. घरात लहान मूल असेल तर लाल बियांच्या शेंगा पिकण्याआधीच खुडून टाका. आणखी वेली हव्या असल्यास रोपवाटिकेतून घ्या. औषधासाठी होणाऱ्या खोदाईने रानातली कळलावी आधीच विरळ झाली आहे.