पेलेट साइझ करायचा नाद सोड
अरे, एअर रायफलचे पेलेट (शिशाचे छर्रे) डायमधून, म्हणजे ठरावीक भोकाच्या साच्यातून, दाबून एका मापाचे करायच्या भानगडीत पडूच नको, शिसं मऊ असतं आणि मागचा पातळ स्कर्ट वेडावाकडा झाला की संपलं, कारण हवेच्या दाबाने तोच फुलून रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) पकडतो. त्यापेक्षा ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा हेड साइझची (पेलेटच्या डोक्याच्या व्यासाची) सॅम्पल्स जमव, पुण्यात बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर कोणाकडे तरी उघडे डबे असतातच, माग बिनधास्त (आणि वडापावला हात लावायच्या आधी साबणाने धू, शिसं आहे ते). रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) बांधून १० मीटरवर प्रत्येकाचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छिद्रांचा घोळका) काढ, सगळ्यात लहान येईल तोच घ्यायचा, महागडा डबा बघून भुलू नको. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो राव! बॅच नंबर लिहून ठेव, बॅच बदलली की परत टेस्ट.