कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकाचं नाव माहीत नसेल तर काय विचारायचं?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात, 'आमच्या गावचा आठवडी बाजार' हा प्रकल्प मिळालाय. लायब्ररीत गेलात तर काउंटरवर "पुस्तकाचं नाव? लेखक कोण?" असं विचारलं, ते सांगता आलं नाही म्हणून रिकाम्या हातांनी परत आलात. आता अशा लायब्ररीचा आपल्याला काय उपयोग, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजमध्ये 19 वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करते. तुमचा प्रश्न वाचून जिवाला लागलं, कारण यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. ज्याला पुस्तकाचं नाव ठाऊक आहे त्यालाच पुस्तक मिळणार असेल तर ग्रंथपाल हवाच कशाला? लायब्ररीत विषय घेऊन यायचं, अडचण घेऊन यायचं. पुस्तक शोधून देणं हे आमचं काम.

मी स्वतः शिकले त्या कॉलेजात पुस्तकं जाळीच्या दारामागे होती. चिठ्ठीवर नाव लिहून खिडकीतून आत द्यायचं आणि अर्धा तास थांबायचं. बऱ्याचदा चिठ्ठी 'इश्यूड' असा शेरा मारून परत यायची. त्याच विषयावरची आणखी वीस पुस्तकं शेजारीच उभी आहेत, हे आम्हाला कळायला मार्गच नव्हता. तीन वर्षांत मी एकदाही त्या दारापलीकडे गेले नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम 1931 साली मांडले, त्यातला पहिलाच नियम सांगतो की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. शिकत असताना तो वाचला तेव्हा मला ते जाळीचं दार आठवलं होतं.

आता बऱ्याच कॉलेजांत मुक्त प्रवेश आहे, म्हणजे तुम्ही स्वतः कपाटांपर्यंत जाऊ शकता. तुमच्या कॉलेजात आहे का ते आधी विचारा. असेल तर काउंटर सोडून थेट आत जा आणि पुस्तकांच्या कण्यावर चिकटवलेली चिठ्ठी बघा. तिच्यावर जो आकडा असतो त्याला बोधांक म्हणतात, आणि बहुतेक कॉलेजांत तो ड्यूई दशांश पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीचा असतो. 891.46 म्हणजे मराठी साहित्य, त्यातही 891.461 कविता, 891.462 नाटक, 891.463 कथा-कादंबरी. आकड्याखाली बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं असतात. आकडा म्हणजे पुस्तकाचा पत्ता. एका पुस्तकाचा पत्ता सापडला की त्याचे शेजारीही बघून घ्यायचे, कारण ते त्याच विषयाचे असतात.

पण एकच विषय तीन-चार ठिकाणी विखुरलेलाही असतो, आणि विद्यार्थी अडतात ते इथेच. हे एका मुलीच्या उदाहरणावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी मायणीकडची एक मुलगी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी आली. काउंटरपासून चार हात लांबच उभी होती. गर्दी ओसरल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, तलावावर पुस्तक आहे का?" तलावावर पुस्तक नव्हतं. मी विचारलं, "कुठला तलाव?" म्हणाली, "आमचाच, मायणीचा."

तिला संदर्भ विभागात नेलं आणि सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ काढून दिला, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला 1885 सालचा 19 वा खंड. जाडजूड इंग्रजी पुस्तक बघून ती बिचकली. दोघी मिळून पाटबंधाऱ्यांचा भाग काढला, त्यात मायणीचा तलाव होता. गावाच्या नावाचं स्पेलिंग जुनं, तिच्या ओळखीचं नव्हतं. तिने अक्षरांखाली बोट धरून नाव पुटपुटलं, पुन्हा एकदा पुटपुटलं आणि म्हणाली, "हे आमचंच गाव आहे." त्या पानाची झेरॉक्स तिने दोनदा काढली, एक प्रकल्पाला आणि एक आजोबांना दाखवायला.

मग जिल्हा जनगणना पुस्तिका काढली. त्यात गावनिहाय माहिती असते: लोकसंख्या, साक्षरता, पिण्याच्या पाण्याची सोय. त्यानंतर तिला कपाटांकडे पाठवलं, पण एका नाही, तीन ठिकाणी. भूपृष्ठावरचं पाणी 551.48 ला, म्हणजे भूशास्त्रात. पाण्याचं अर्थकारण 333.91 ला, अर्थशास्त्राच्या कपाटात. पाणीपुरवठा 628.1 ला, अभियांत्रिकीत. शेवटी कात्रणांची फाईल दिली, त्यात तलावावर येणाऱ्या पक्ष्यांच्या बातम्या होत्या. चाळीस पानांचा प्रकल्प उभा राहिला, आणि वापरलेल्या एकाही पुस्तकाच्या नावात 'तलाव' हा शब्द नव्हता.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची. विश्वकोश, शब्दकोश, गॅझेटिअर, वार्षिक अहवाल हे सगळं तिथे. वही घेऊन जा. फोनवर पानाचा फोटो काढायचा असेल तर विचारून काढा, एखाद्या पानाला कोणी नाही म्हणत नाही.

आता तुमच्या फीमधूनच चालणाऱ्या, पण कोणी सांगितल्याशिवाय न कळणाऱ्या काही सोयी. बुक बँकेतून क्रमिक पुस्तकांचा संच सत्रभरासाठी किंवा वर्षभरासाठी मिळतो. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच भरावा लागतो, तेव्हा सूचनाफलकावर लक्ष ठेवा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच बांधून ठेवलेले असतात. हवं ते पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर त्यावर तुमचं नाव नोंदवता येतं. आणि जे पुस्तक लायब्ररीत नाहीच, ते मागणीच्या वहीत लिहा. मुलांना वाटतं ती वही कोणी बघत नाही. मी खरेदीची यादी करायला बसते तेव्हा ती वही समोर असते, आणि एकच नाव तीन हस्ताक्षरांत दिसलं तर ते पुस्तक यादीत वर जातं.

आपल्याकडे नसलेलं काही विद्यापीठाच्या ग्रंथालयात असेल तर ग्रंथपालाचं पत्र घेऊन तिथे जाऊन वाचता येतं. आमची मुलं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन येतात. पत्र द्यायला मला पाच मिनिटं लागतात, पण मागायला वर्षात जेमतेम दोघं-तिघं येतात.

ऑनलाईनचं थोडक्यात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे देशातल्या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र, त्याची एन-लिस्ट ही सेवा कॉलेजांसाठी आहे. तुमचं कॉलेज तिचं सभासद असेल तर ग्रंथपाल तुमचं खातं उघडून देतात आणि घरी बसून ई-पुस्तकं वाचता येतात. त्याच केंद्राच्या शोधगंगेवर भारतभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत, मराठीतलेही, आणि तिथे खातं लागत नाही. प्रबंध अख्खा वाचायची गरज नाही. शेवटची संदर्भसूची उघडा, म्हणजे तुमच्या विषयावर आधी कोणी काय लिहिलंय ते कळतं आणि काउंटरवर सांगायला पुस्तकांची नावंही मिळतात.

वाचनकक्षाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. सकाळी दार उघडायच्या आधी स्पर्धा परीक्षेची मुलं पायरीवर बसलेली असतात. त्यातल्या कित्येकांच्या घरी एक खोली, सहा माणसं आणि टीव्ही. त्यांच्यासाठी पंख्याखालची ती खुर्चीच लायब्ररी असते, भले त्यांनी वर्षभर एकही पुस्तक घरी नेलं नाही तरी. परीक्षेच्या दिवसांत कक्ष उशिरापर्यंत उघडा ठेवावा म्हणून विद्यार्थ्यांनी लेखी अर्ज करावा. अर्ज आला की आम्हालाही प्राचार्यांकडे बोलायला बळ येतं.

तुमच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना असेल तर त्यातली काही मुलं लायब्ररीत काम करतात. माझ्याकडेही आहेत. परत आलेली पुस्तकं रोज जागेवर लावून त्यांना कपाट न् कपाट पाठ होतं. मॅडमना किंवा सरांना विचारायचा संकोच वाटत असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करा.

तर बाजाराबद्दल. उद्या काउंटरवर एवढंच म्हणा: "मला आमच्या गावच्या आठवडी बाजारावर प्रकल्प करायचाय, ग्रंथपालांना भेटायचंय." मग तीन गोष्टी मागा: तुमच्या जिल्ह्याचं गॅझेटिअर, जिल्हा जनगणना पुस्तिका आणि स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं. जुन्या गॅझेटिअरमध्ये व्यापारावर स्वतंत्र प्रकरण असतं, बाजाराच्या गावांची माहिती तिथे शोधा. तुमच्या गावाचा उल्लेख सापडला तर तेव्हाचा बाजाराचा वार आणि आजचा वार ताडून बघा. वार बदलला असेल तर का बदलला हे गावातल्या जुन्या दुकानदारांना विचारा. प्रकल्पाचं पहिलं प्रकरण त्यातूनच निघेल. कपाटांमध्ये 381 ला व्यापार आणि 307.72 ला ग्रामीण समाज आहे, तिथे एक फेरी मारा.

आय-कार्ड बरोबर ठेवा. मधल्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा देवघेवीची झुंबड असते आणि कोणालाच धड बोलायला वेळ नसतो. तीननंतर जा.