कळांच्या सोबतीला तुझंच गाणं

प्रिय पहिलटकरणी,

आठवा महिना सरत आलाय आणि कळांच्या धास्तीनं रात्री झोप लागत नाही, असं तू लिहिलंयस. लेबर रूममध्ये तुला जुनी भावगीतं ऐकायचीत. सासूबाई म्हणतात, फक्त मंत्र लाव. नवरा विचारतो, गाण्यानं कुठं कळा थांबतात?

थांबत नाहीत, हे खरंच. पण भीतीनं अंग आखडतं, श्वास वरच्यावर होतो आणि मग तीच कळ जास्त दुखते. आपल्या बायका दळताना ओवी म्हणायच्या तेव्हा सुराबरोबर श्वासही लांबायचा. गाणं तुला तिथं मदत करेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्ये प्रसूतिवेदना सुसह्य करायच्या उपायांत संगीत आहे, आणि बाईला हवं ते माणूस जवळ असावं हेही आहे. नवऱ्याला एवढं वाचून दाखव.

मंत्रांनी तुला शांत वाटत असेल तर जरूर लाव, पण कुणाचं मन राखायला नको. कळा तुला येणार आहेत, निवडही तुझीच. संथ चालीची, तोंडपाठ गाणी घे. आजपासून रोज झोपताना तीच लाव आणि ओळीच्या शेवटापर्यंत सावकाश श्वास सोड. ही सवय आधी लागायला हवी. ऐनवेळी पहिल्यांदा लावलेल्या गाण्याचा फारसा आधार होत नाही. गाणी फोनमध्ये उतरवून ठेव, लेबर रूममध्ये रेंज असेलच असं नाही. इयरफोन एकाच कानात घाल, दुसरा कान सिस्टरांसाठी मोकळा हवा.

कळा जोरात आल्या की आवडतं गाणंही नकोसं होऊ शकतं. तसं झालं तर सरळ बंद करायला सांग. दुखणं सोसवेना तर एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते औषध, मागायला अजिबात लाजू नकोस, त्यात हरण्यासारखं काही नाही. आणि पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर गाणी राहू देत, तडक दवाखाना गाठ.

पुढच्या तपासणीला नवऱ्याला घेऊन जा. सोबत कोण थांबू शकतं, फोन आत चालतो का, हे डॉक्टरांना त्यालाच विचारू दे. त्या दिवशी गाणी लावायचं कामही त्याच्याकडेच दे.

तुझी,
मावशी